लेव्हलमध्ये बसवलेली थाळी

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. तीस वर्षं फरश्या बसवलेला माणूस. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी टाचेने फरशी ठोकून बघायचा, पोकळ वाजते का. काही तिरकं किंवा हलताना दिसलं की याचे हात शिवशिवलेच.

आणि बायकोने नेमकी हलणारी वस्तूच त्याच्या गळ्यात मारली.

दुसऱ्या ऑपरेशनला जाताना ती म्हणाली, "मासे मेले तर मेले. माझी थाळी तेवढी सांभाळा." थाळी म्हणजे तिच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं प्लेट कोरल. बशीएवढं हिरवं पोवळं, वाळूवर नुसतं पडलेलं. बारीक कोळंबी भरवली की टम्म फुगायचं, फुगत-फुगत आपलं आपण सरकायचंही. "आणि ते मोकळंच राहतं हं. दुरुस्तीला जाऊ नका."

आठवडाभर त्याने कळ काढली. पण थाळी रोज सकाळी वीतभर सरकलेली! एके दिवशी तर कोपऱ्यात तिरकी कललेली दिसली. पालथी पडली तर? तिला काय तोंड दाखवू? त्याने टाकीतल्या दगडावर जागा केली, पुट्टीने थाळी पक्की बसवली, लेव्हल लावून पाहिली. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा बरोब्बर मधोमध. कसं झक्क!

हात दाखवून अवलक्षण ते हेच. फुगली की थाळीचं मऊ अंग दगडाच्या धारेवर घासायचं, फाटायचं. कडेने मांस मागे सरकू लागलं, तपकिरी बुळबुळीत होऊन गळू लागलं. टाकीचं सामान देणाऱ्या दुकानदाराचा नंबर बायकोने फ्रिजवर लावलेला होता. पण कारागीर माणूस विचारतोय कुणाला? रोज फोनवर बायको विचारायची, "फुलली का हो?" आणि हा म्हणायचा, "फुलली की, मस्त!"

चिकटवल्यापासून दहाव्या दिवशी नुसता सांगाडा उरला. त्याच दिवशी डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आता करण्यासारखं काही नाही. रविवारी घरी न्या. त्यांना आवडेल ते करू द्या."

तिला काय आवडतं, हे काय डॉक्टरांनी सांगायला हवं होतं?

त्याने छिन्नीने थाळी सोडवली. निदान पांढरीशुभ्र तरी दिसावी म्हणून बादलीत ब्लीचमध्ये बुडवली आणि फरशीचे सांधे घासायचा ब्रश घेऊन खाचन् खाच घासली. मग एका हाताने दुकानदाराला फोन लावला. तशीच दुसरी आणून ठेवू, तिला काय कळणार!

"तशी महिनाभर तरी मिळायची नाही, काका," दुकानदार म्हणाला. "पण जुनी टाकली नाहीत ना? मेल्यासारखी दिसते, पण तशीच वाळूवर राहू द्या. चार-सहा महिन्यांनी कधीकधी त्या सांगाड्यालाच पिल्लं फुटतात. फक्त घासूनबिसून साफ करू नका."

याच्या हातातून ब्रश गळून पडला. हे मेल्याने आधी का नाही सांगितलं? पण आधी विचारलं होतं कुणी?

संध्याकाळी तिचा फोन आला. "फुलली का हो?"

आज खोटं ओठांवर येईना. "मी मारली गं," तो हुंदका देत म्हणाला. "दगडावर चिकटवली. वर ब्लीचने घासली."

ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "वाळूवर ठेवा. मोकळी. मी येतेय ना, बघू."

त्याने थाळी सतरा पाण्यांनी धुतली आणि वाळूवर ठेवली. दाबून बसवायला बोटं वळवळली, ती त्याने मुठीत आवळली. रोज उजाडताच तो काचेला नाक लावून बसायचा. सरक गं बाई. बोटभर सरक. वाकडी हो, तिरकी हो, काय वाट्टेल ते कर.

रविवारी तिला आणायला निघण्याआधी तो पुन्हा टाकीपाशी वाकला. थाळी ठेवली होती तिथेच होती, अगदी लेव्हलमध्ये.