पाण्यावरची खोली

रोआतान बेटावरच्या रिसॉर्टमध्ये मी पाहुण्यांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणतो. त्या आठवड्यात आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढे धरला. होडीएवढा गोल प्रवाळाचा खडक, भोवती निळे मासे.

"सहा महिने बेटं धुंडाळली मी. हा खडक आणि पाण्यावरची खोली, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतंय म्हणून इथे आले. कधी दाखवताय?"

तो फोटो नऊ वर्षांपूर्वी मीच काढलेला; रिसॉर्टच्या जाहिरातीत अजून तोच आहे.

"उद्या बघू," मी म्हणालो. मालकाने बजावलंच होतं, "एलरिक, कुठला तरी खडक दाखव आणि हाच तो म्हणून सांग." तेवढं मात्र माझ्याने होईना. चार दिवस मी उद्यावर ढकलत राहिलो.

पाचव्या दिवशी बाई भडकल्या. "मला मूर्ख समजता का? आहे कुठे तो?"

मग माझंही डोकं फिरलं. त्यांच्या खोलीत जाऊन मी जमिनीत बसवलेल्या काचेकडे बोट दाखवलं. खाली पाण्यात प्रवाळाचा पांढरा चुरा पसरला होता आणि त्यात सिमेंटचा खांब रोवलेला होता.

"हा घ्या. चार रात्री त्याच्याच उरावर झोपलात तुम्ही. आणि खांब कुठे ठोकायचा, ती खूण पाण्यात उतरून मीच केली होती."