काचेच्या कपाटात न गेलेली किटली

मी एक जुनी जपानी लोखंडी किटली आहे, मित्रांनो, आणि मला फार राग येतो. आधीच सांगून ठेवते.

उत्तर जपानातल्या एका ओताऱ्याने मला घडवलं आणि मी कुरोसे घराण्यात आले. अख्ख्या खोऱ्यातली भातशेती त्यांची. दिवाणखान्यात पाहुणे बसले की घरची सून कात्सुए माझ्यातून पुरुषांना चहा देई. तिला मात्र माझ्यातला घोटही कधी मिळाला नाही. बायकांसाठी मागे पत्र्याची किटली होती.

मग युद्ध संपलं. तुमच्याकडे पुढे कुळकायदा आला, तसाच तिकडेही आला. शेतं कुळांची झाली. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही! मालक, म्हणजे कात्सुएचा नवरा, दिवाणखान्यात बसून मुजऱ्याची वाट पाहत आणि कात्सुए कापडाच्या गिरणीत राबून त्यांना जेवू घाली. तिचा थोरला मुलगा तादाशीही बापाच्याच वळणावर गेला. त्याने आधी उरलेलं डोंगरातलं जंगल विकलं, मग घर. कात्सुए गेली, तेव्हा भेटायला आलेल्यांनीही माझ्यातूनच चहा घेतला. त्या दिवशी मी तडकले कशी नाही, कोण जाणे!

धाकटी मुलगी कियोको लग्न करून न्यूझीलंडला आली. येताना तिने मला कोणालाही न विचारता पेटीत घातलं. पुढची कित्येक वर्षं मी जॉन्सनव्हिलच्या एका फडताळात काढली.

२०१४ साली तादाशीचा फोन आला. गावच्या संग्रहालयात घराण्याचं दालन होणार होतं आणि त्याला मी काचेच्या कपाटात हवी होते. म्हातारी कियोको मनात नसताना हो म्हणाली. थोरल्या भावाला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

मला न्यायला तो आला त्या सकाळी ती त्याला आणायला विमानतळावर गेली. शेजारच्या यशोधनची आई सुमतीबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या मदतीला आल्या आणि त्यांनी माझं झाकण उघडलं. आत पाण्यातल्या क्षारांचा पांढुरका थर होता. तोच लोखंडाला सांभाळतो, त्याला कधी हात लावायचा नसतो.

"अगं बाई, पाहुणा येणार आणि भांडं असं?" म्हणत त्यांनी डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, चिंच आणली आणि तारेच्या घासणीने मला खसाखसा घासलं. दुपारपर्यंत मी आतून गंजून लाल झाले.

तादाशीने आल्या आल्या माझं झाकण उघडलं आणि तो किंचाळला, "या बाईने आमच्या घराण्याचं वाटोळं केलं!"

सुमतीबाईंना भाषा कळली नाही, सूर कळला. "सॉरी हं, कियोकोताई. आय ओन्ली क्लीन," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

कियोको उभी राहिली. "वाटोळं तिने नाही केलं, दादा. बसून खाणाऱ्यांनी केलं. आई मेली त्या दिवशीही तुम्हाला चहा हवा होता!"

"गंजकी किटली कपाटात ठेवू?"

"नको ठेवूस. ती इथेच राहील."

गंज दबावा म्हणून तिने माझ्यात चहाची पत्ती पुन्हा पुन्हा उकळली, पाण्याचा लाल रंग जाईपर्यंत. मग चहा केला. पहिला पेला तिने आईच्या फोटोपुढे ठेवला, दुसरा सुमतीबाईंना दिला, तिसरा स्वतः घेतला.

"आणि मला?" तादाशीने विचारलं.

"शेगडीवर आहे. उठून घे."

मित्रांनो, माझी नक्षी नंतर पाहा. आधी तुमच्या घरी चहा कोण करतं आणि कोण तो गार झाल्यावर पितं, ते बघा.