‘काढा’ नावाचं बटण

काकूंना नोकरीवरून कमी करायचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं, आणि ज्या माणसामुळे ते टाइप झालं तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होता. तो माणूस म्हणजे आमचे सर. त्यांच्या कंपनीत मी प्रोग्राम लिहिते. पत्र लिहिणारे कार्यशाळेचे व्यवस्थापक समोर बसले होते आणि काकू दाराजवळ उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

ही कार्यशाळा लहान मुलांसाठी कृत्रिम पाय बनवते. मूल आलं की त्याच्या उरलेल्या पायाचं यंत्राने माप घेतात, त्या मापाची फाइल होते आणि ती बघून कारागीर पाय घडवतात. काकू तिथलं रेकॉर्ड सांभाळतात, अठ्ठावीस वर्षं. पूर्वी सगळं कागदावर, लोखंडी कपाटात असायचं. कारागिराची चिठ्ठी यायची, ‘अमक्याची फाइल काढा.’ काकू कपाट उघडून फाइल काढायच्या आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. कपाटात जागा रिकामी दिसली की फाइल कामाला गेली, असा साधा हिशेब. अठ्ठावीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता.

मग आम्ही आलो सुधारणा घेऊन.

फाइल शोधायला दर वेळी प्रोग्राममधून बाहेर पडावं लागू नये, म्हणून फाइली बघायची खिडकी प्रोग्रामच्या आतच बसवायची, असं ठरलं. कल्पना चांगलीच होती. मी म्हटलं, "सर, मी आपली साधी यादी करते. नाव, तारीख, उघडा. एवढंच. पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवस कशाला? कॉम्प्युटरची स्वतःची फाइलींची खिडकी आयती आहे ना? ती उचल आणि आपल्यात बसव. दोन दिवसांचं काम."

बसवली. पण ती खिडकी बिऱ्हाडासकट आली. नाव बदलणं, हलवणं, पुसणं, सगळं तिच्याबरोबर आत शिरलं. फाइलींचं चित्र नव्हतं ते, खऱ्या फाइली होत्या. तिथे हात लावला की खऱ्या फाइलीला लागत होता. मी म्हटलं, हे सगळं बंद करते, यांना फक्त बघायचंय. सर म्हणाले, "ग्राहकाला सगळं द्यायचं असतं. उलट वर मोठी बटणं दे, मराठीत."

दिली. पुसण्याच्या बटणावर मी ‘कायमची पुसा’ असं लिहिलं. ते बटणात मावेना. सरांनी वाकून बघितलं आणि हसले. "‘पुसा’ काय? फरशी आहे का ती? ‘काढा’ लिही. छोटं आणि सभ्य."

"सर, ‘काढा’ म्हणजे बाहेर काढा असंही होतं."

"संदर्भाने कळतं गं. लोक काय दुधखुळे आहेत?"

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम द्यायचा होता. मी ‘काढा’ लिहिलं.

मंगळवारी मुख्य कारागिराची चिठ्ठी काकूंकडे आली. पुढच्या आठवड्यात एकेचाळीस मुलांची कामं हाती घ्यायची होती. ‘सोबतच्या यादीतल्या फाइली काढा.’ काकू चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. एकेक नाव शोधलं, त्यावर टिचकी मारली, वर बटण होतंच, ‘काढा’. कॉम्प्युटरने विचारलं, ‘ही फाइल नक्की काढायची आहे का?’ काकूंनी ‘हो’ दाबलं. यादीतून नाव गेलं. गेली कामाला. पुढची. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी एकेचाळीसच्या एकेचाळीस संपवल्या, चिठ्ठीवर प्रत्येक नावापुढे खूण केली आणि कारागिराला जाऊन सांगितलं, "काढल्या हो सगळ्या."

फाइली दुसऱ्या खोलीतल्या सामायिक कॉम्प्युटरवर होत्या. तिथलं पुसलं की कचरापेटीत वगैरे जात नाही, थेट जातं. दुपारी तीनला नक्कल ठेवणारा प्रोग्राम चालला आणि त्याने इमानेइतबारे नकलेतूनही त्याच एकेचाळीस फाइली पुसल्या. तोही आम्हीच बसवलेला.

बुधवारपासून मी तिथे तळ ठोकून होते, गेलेल्या फाइली परत मिळतात का बघत. नऊ मिळाल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. एकीत गुडघा होता, खालचं काहीच नव्हतं. तीन दिवस मी काकूंच्याच खोलीत बसले होते. लोक आत येत, काकूंकडे बघत, आणि न बोलता जात. एक जण दारातच म्हणाला, "वय झालं की घरी बसावं माणसाने." काकूंनी ऐकलं. त्या मला रोज अकरा वाजता चहा आणून देत होत्या.

आणि मी? सरांनी फोनवर बजावलं होतं, "बटणाबद्दल तू चकार शब्द काढू नकोस. मी सांभाळतो." तर मी मूग गिळून बसले होते.

तर शुक्रवार. सरांनी बिस्किट संपवलं, हात झटकले. "आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक गोष्टीची नोंद राहते. दाखव गं साहेबांना."

मी भिंतीवरच्या पडद्यावर नोंद लावली. एकाखाली एक एकेचाळीस ओळी. वेळ, फाइलीचं नाव आणि शेवटी ‘पुसली’. नोंद कुणाला दिसणार नव्हती, म्हणून तिथे शब्द खरा राहिला होता.

"बघा," सर म्हणाले, "एकेचाळीस वेळा आमच्या प्रोग्रामने ‘नक्की का’ म्हणून विचारलंय. एकेचाळीस वेळा बाईंनी ‘हो’ म्हटलंय. याच्यापुढे आम्ही काय करणार?" आवाज कसा, तर मयताला आल्यासारखा.

"साहेब," काकू दारातून म्हणाल्या, "मी पुसल्या नाहीत. मी काढल्या."

"तेच ते, काकू."

"तेच ते कसं असेल?"

व्यवस्थापकांनी उसासा टाकून पत्रासाठी पेन उघडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर तीन दिवस ती गुडघ्यापर्यंत येऊन थांबलेली होती, माझ्याच भित्रेपणामुळे.

मी उठले आणि कळफलक व्यवस्थापकांपुढे सरकवला. प्रोग्राम तपासताना घेतलेलं माझ्या स्वतःच्या डाव्या पायाचं माप अजून तिथे पडून होतं. पडद्यावर ती खिडकी उघडली, माझं नाव दाखवलं.

"साहेब, सही नंतर करा. आधी मला ही एवढी फाइल काढून देता का?"

"मी?"

"हो, तुम्हीच. मला कामाला हवीय. काढून द्या."

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग चष्मा चढवला, नावावर टिचकी मारली, पडद्यावर वर नजर फिरवली. बाण ‘काढा’वर गेला.

"अहो, थांबा थांबा," सर खुर्चीतून अर्धे उठले.

"का थांबू?" असं म्हणेपर्यंत त्यांनी दाबलं होतं. ‘नक्की काढायची आहे का?’ आलं. "नक्की म्हणजे काय, मागितलीय तर काढणारच," असं पुटपुटत त्यांनी ‘हो’ दाबलं. नाव नाहीसं झालं.

मी हात पुढे केला. "द्या."

ते पडद्यावर शोधू लागले. वर, खाली, पुन्हा वर. "गेली कुठे?"

"पुसली तुम्ही. कायमची. आणि आमच्या सरांना ते माहीत होतं, म्हणून ते उठले. हा शब्द त्यांनी घालायला लावला. घातला मी."

सर खेकसले, "अक्कल गहाण ठेवलीस का?"

"ठेवली होती. बटण केलं त्याच दिवशी, तुमच्याकडे."

व्यवस्थापकांनी नोंद पुन्हा बघितली. आता तिथे बेचाळीस ओळी होत्या आणि शेवटची त्यांची होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पत्राची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि खिशात कोंबलं. काकूंकडे न बघता म्हणाले, "काकू, तुम्ही जा कामाला." माफी वगैरे काही नाही. सर केव्हा बाहेर पडले ते मी बघितलंच नाही. माझी नोकरी त्यांच्याबरोबरच बाहेर पडली असणार, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटत होता. जिंकले, असं वाटत होतं.

मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. काकू टेबलाशी बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या माझा हात हातात घेतील.

"हे तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बटण केलं तेव्हाच शंका आली होती."

"आणि माझ्याकडून हेच झालंय, हे?"

"बुधवारी. आल्या आल्या."

"बुधवारी." काकूंचा आवाज चढला नाही. "तीन दिवस या दारातून माणसं येऊन मला बघून गेली. म्हातारीला चळ लागला म्हणून. काल रात्री मी माझ्या सुनेला विचारलं, मला विसरायला होतं का गं हल्ली? आणि तू इथे बसून माझ्या हातचा चहा पीत होतीस."

मी "काकू, मी..." एवढंच म्हणू शकले.

"रडू नकोस. मला आत्ता तुझं रडणं बघायचं नाही." त्यांनी खण ओढून जुनी जाड वही काढली, माझ्यापुढे आपटली. मुलांची नावं, घरचे फोन. "या एकेचाळीस घरांना परत बोलवायचंय मापासाठी. साहेब मला करायला सांगतील. मी नाही करणार. तू कर, माझ्यासमोर. आणि ‘तांत्रिक अडचण’ असलं काही म्हणालीस तर बघ."

मी पहिला नंबर लावला. एका आईने उचलला. मी सांगितलं की तुमच्या मुलीच्या पायाचं माप गेलं, मी केलेल्या चुकीमुळे गेलं, तिला पुन्हा आणावं लागेल.

ती म्हणाली, "दोन तास ती पाय उघडा करू देत नव्हती. तुमच्या काकूंनी समजावलं तेव्हा कुठे तयार झाली. आता परत काय सांगू तिला मी?"

मी "माफ करा" म्हटलं. तिने फोन ठेवला.

काकूंनी त्या नावापुढे खूण केली आणि बोट खालच्या नंबरावर ठेवलं.