वरचा रस्ता आप्पांचा

जुईलीने स्वयंपाकघरातला स्टूल ओढत आणून कॉम्प्युटरच्या खुर्चीला चिकटून ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "आप्पा, चला."

आत काहीच हललं नाही. पहिल्या हाकेला विठ्ठलराव उठतील, ही आशाच खुळी होती. पिरंगुटच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली उजवा हात सापडला, मधली तीन बोटं गेली. तेव्हापासून तो हात टॉवेलाखाली आणि माणूस खाटेवर. जेवताना टॉवेल, झोपताना टॉवेल. पोटच्या पोरीलासुद्धा तो हात त्यांनी दाखवला नव्हता. मशीन आपोआप खाली आली, असं त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. देखभाल भिकू फिटरकडे होती, म्हणून भिकूची नोकरी गेली. त्याची बायको सगुणा घोटावड्याहून विचारपूस करायला आली, तर हेमलताने, जुईलीच्या आईने, तिला दारातूनच वाटेला लावलं. बरं झालं, असंच जुईलीलाही वाटलं होतं.

आधी बापलेकीची शर्यत रोज संध्याकाळी रंगायची. कीबोर्ड एकच, मोटारी दोन. स्क्रीन मधोमध आडवी दुभागलेली. वर तिचा रस्ता, खाली त्यांचा. उजवीकडची बाणांची बटणं आप्पांची, डावीकडची अक्षरं तिची. आज तिने सेटिंगमध्ये शिरून सगळं उलटं केलं. वरचा रस्ता आप्पांचा, अक्षरंही आप्पांची. उजव्या हाताची गरजच नको. एकदा तरी हा माणूस हसावा, बाकी काही नको होतं तिला.

बऱ्याच हाकांनंतर ते आले. टॉवेल सावरत खुर्चीत बसले.

डावा हात मेला अगदीच आडमुठा. गाडी पळवावी तर वळायची नाही, वळवावी तर थांबायची. दर वळणाला कठड्यावर आपटायची. विठ्ठलरावांचा जबडा आवळला. न्हाई जमत, असं पुटपुटत ते उठायलाच लागले. आता गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे जुईलीला पक्कं ठाऊक होतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. ते मान वर करून पीत होते तेवढ्यात तिने आगकाडी मोडली आणि गाडी पळवायच्या बटणाच्या फटीत तुकडा खुपसला. बटण खाली दबून राहिलं. आता आप्पांना नुसतं वळवायचं काम.

"एकच डाव, आप्पा. माझ्यासाठी."

गाडी सुसाट निघाली. एक वळण सुटलं, दुसरं सुटलं. विठ्ठलराव पुढे झुकले. जुईली मुद्दाम मागे राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सरळ रस्ता लागला तशी त्यांनी जरा विसावा म्हणून बोटं उचलली.

गाडी पळतच होती.

त्यांनी बोटांकडे पाहिलं, मग बटणाकडे. काडी सैल होतेय असं वाटून जुईलीने ती दाबायला हळूच बोट पुढे केलं.

"हात काढ!"

स्वयंपाकघरात हेमलताच्या हातून लाटणं पडलं. टॉवेल जमिनीवर होता आणि जुईलीचं मनगट आप्पांच्या उजव्या हातात. एक अंगठा, एक करंगळी. पकड सुटत नव्हती.

जुईली रडकुंडीला आली. "तुम्हाला सोपं जावं म्हणून घातली, आप्पा."

"म्याबी सोपं जावं म्हनूनच घातली व्हती." ते कीबोर्डकडेच बघत होते. "प्रेसला दोन बटनं असत्यात. दोनी हातांनी दाबली तरच ती खाली येती. माल भराभर निघावा म्हनून एका बटनात म्या काडी घातली. आन् मोकळा हात आत ऱ्हायला."

हेमलता दारात येऊन उभी होती. हात पिठाने भरलेले.

"आन् भिकू?"

"त्याचा काय बी दोष न्हाई."

हेमलताला संताप आला. सगुणेला आपण काय काय बोललो, ते तिला एकेक आठवत गेलं. विठ्ठलरावांनी अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत काडी धरून उपसली. वरच्या रस्त्यावरची गाडी थांबली.

"घोटावड्याला जाऊन येतो," असं म्हणून ते उठले.

जुईलीने सवयीने टॉवेल उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. हेमलताने घेतला, पिठाचे हात त्याला पुसले, आणि तिनेही चपला पायात सरकवल्या.