पोस्टमास्तरांची गाडी पुन्हा आली

पोस्टमास्तरांची जुनी मोटरसायकल पुन्हा आली, तेव्हा मी दुकानामागच्या खोलीत कपडे वाळत घालत होते. गाडी दिसायच्या आधीच मला ऐकू आली. धडधड चालायची, मध्येच एक ठोका गायब, मग खोकल्यासारखं फट्, आणि पुन्हा धडधड. आमचे हे पाना घेऊन दारातच उभे होते. गाडी हातभर अंतरावर येऊन थांबली तरी यांचा चेहरा कोरा.

"अजून तशीच अडखळतेय," पोस्टमास्तर म्हणाले. माणूस सज्जन, रिटायर होऊनही शर्टाची वरची गुंडी न सोडणारा. "चढावर तर मानच टाकते. राग मानू नका, पण आज संध्याकाळी नीट मिळाली नाही तर दुसरीकडे नेईन म्हणतो."

ते गेल्यावर यांनी पाना बाकावर आपटला. "मला तर काहीच गडबड वाटत नाही. पण ही गाडी दुसरीकडे गेली ना, तर मी शटर ओढणार. कायमचं."

हा माणूस बोलला की बोलला. आधी बेकरीवाल्याची गाडी हातची गेली, मग शिंप्याची. ज्यांच्याकडे लोक लांबलांबून जुन्या गाड्या ढकलत आणायचे, ते आता दिवसभर दारात बसून रस्ता बघतात. दुकान बंद झालं तर घरात बसून माझं डोकं खातील हे तर आलंच. पण मला खरी भीती होती ती वेगळी. या हातांना काम नसलं तर हा माणूस बघता बघता म्हातारा होईल.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे. गाडी उघडा," मी म्हणाले.

"काय?"

"उघडा म्हटलं!"

यांचे कान गेलेत हे सगळ्यांना ठाऊक, फक्त यांना सोडून. आमच्याकडे टीव्ही लागला की बातम्या अख्खी गल्ली ऐकते. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की ताटावरून उठतात. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, हे यांचं ठरलेलं उत्तर.

पण कामाला लागले. प्लग काढला तर काळाकुट्ट, वर कोरडी काजळी. "हल्लीचे प्लगच टाकाऊ," म्हणत नवा घातला. ठिणगी पाडणारे पॉइंट घासून साफ केले, त्यांच्यातलं अंतर पातळ पट्टी घालून तपासलं. कंडेन्सर बदलला. प्लगची वायर बदलली. कुठल्या सांध्यातून हवा ओढली जातेय का, तेही पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालू करून बघायची, मगच पुढची, हा यांचा नेम. घाईच्या दिवशीही तो मोडला नाही. दर वेळी किक मारायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "आता बघ, कशी भरदार चालतेय." दर वेळी मी मान हलवायची. नाही.

दुपारी प्लग पुन्हा काढला. सकाळी घातलेला नवाकोरा प्लग काळा झाला होता.

"पेट्रोल जास्त जातंय," मी म्हणाले. इतकी वर्षं या दुकानात बसून भाजी निवडलीय, एवढं मलाही कळतं. "कार्ब्युरेटर बघा."

"कार्ब्युरेटर मी स्वतः लावलाय. कानाने. तो चुकणार नाही."

"मग काय प्लगमध्ये भूत बसलंय?"

हे मात्र बरोबर ऐकू आलं. पाठ फिरवून बसले. माझंही टाळकं सरकलं होतं. एकदा वाटलं, जाऊ दे, ओढू दे शटर. मग वाटलं, मी का म्हणून हार मानू? बोलून उपयोग नव्हता. मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि किकवर बोट दाखवलं.

गाडी सुरू झाली. मी मागे उभी राहिले आणि जिथे जिथे ठोका चुकला तिथे तिथे त्यांच्या खांद्यावर बोट मारलं. टक. टक टक. टक. आधी त्यांनी खांदा झटकला. मी पुन्हा बोट ठेवलं.

"इतके ठोके चुकतायत?" त्यांनी विचारलं.

मी मारत राहिले. जुन्या गाडीची थरथर एवढी, की हाताला वेगळं काही लागत नाही. हे सगळं यांनी आजवर कानानेच पकडलेलं. त्यांनी बारका स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू जरासा उघडला. माझं बोट कमी वेळा पडलं. अजून उघडला, अजून कमी. मग बोट खांद्यावर नुसतं टेकून राहिलं.

"आवाज पातळ झाला गं," ते म्हणाले. "मघाशी भरदार होता."

मी बोट हलवलं नाही. त्यांनी स्क्रू जुन्या जागी नेला, बोट सुरू. पुढे आणला, बोट बंद. परत मागे, परत पुढे. मग त्यांनी गाडी बंद केली आणि स्टुलावर बसले.

"बेकरीवाल्याची मी अशीच भरदार लावली होती," ते म्हणाले. "शिंप्याचीही." इतक्या हळू आवाजात हा माणूस किती तरी दिवसांत बोलला नव्हता. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडू आलं.

आम्ही गाडी चढावर नेली. हे पुढे, मी मागे, बोट खांद्यावर. वर पोचेपर्यंत एकदाही मारावं लागलं नाही.

संध्याकाळी पोस्टमास्तर एक चक्कर मारून आले ते हसतच. "कमाल केलीत! काय होतं हो?"

बारीकसा कचरा अडकला होता, असं मी म्हणणार, तेवढ्यात हे खणखणीत आवाजात म्हणाले, "गाडीत काही नव्हतं, साहेब. मला ऐकू येत नाही. आज हिने ऐकलं आणि मी स्क्रू फिरवला."

पोस्टमास्तर गडबडले. मग गाडीवर बसता बसता काहीतरी बोलले, हात हलवला आणि निघून गेले. हे त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. एरवी अशा वेळी न ऐकताच 'हो हो' म्हणून मोकळा होणारा हा माणूस. आज माझ्याकडे वळला.

"जाताना काय म्हणाले ते?" यांनी विचारलं. "मला कळलं नाही."

मी कानाशी जाऊन सांगितलं, "भावाची गाडी पाठवतो म्हणाले. तुमच्याकडेच."