रोड टेस्ट : एक किलोमीटर

"‘तो माणूस तुम्ही मारला, साहेब. थंडीनं नाय मारला, बर्फानं नाय मारला. तुम्ही मारला.’ लिहिलं का?"

मीनाचं पेन थांबलं. सकाळचे आठ वाजले होते. नाशिक रोडच्या मागच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत बाहेरच्या नळावरची भांडणं स्पष्ट ऐकू येत होती.

"बाबा, असं नसतं लिहायचं. चौकशीचा जबाब आहे हा. ‘महोदय, सविनय’ असं काहीतरी लागतं."

"सविनय तिकडं डोंगरात गोठून मेला. तू लिही."

"आणि नोकरी?"

बनियनवर शर्ट चढवून गोटीरामनं बटणं लावायला घेतली, तर सगळी एकेक घर वर लागली.

"रिटायर व्हायला चार महिने राहिलेत बाबा. साहेब स्वतः म्हणालेत ना, ‘फिटिंग करताना नजरचूक झाली’ एवढ्या ओळीवर सही करा, फाईल बंद. नाहीतर खोटी नोंद केली म्हणून काढून टाकतील. तीस वर्षं पाण्यात."

"नजरचूक," गोटीराम म्हणाला. "माझी नजर. ह्या हातानं पट्टी बसवली की केसभर इकडंतिकडं होत नाय, आन माझी नजर चुकली."

मीना इंदिरानगरच्या एका दवाखान्यात रिपोर्ट टाइप करते. कागदावर जे छापलं तेच खरं ठरतं, हे तिला रोज दिसतं. म्हणून तर ती घाबरली होती. पण तिनं पेन पुन्हा टेकवलं.

गोटीराम भोये मूळचा सुरगाण्याकडचा. पोटासाठी नाशकात आला तेव्हा पहिलं काम मिळालं रस्त्यावर. उन्हात खडी पसरायची, वर उकळतं डांबर ओतायचं. पायाच्या तळव्याला अजून तेव्हाचे डाग आहेत. तिथून खात्याच्या वर्कशॉपात हेल्पर, हेल्परचा फिटर. खात्याचं नाव सांगायची गरज नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

हे खातं वर हिमालयात, बर्फात अडकलेल्या गावांना टपाल, औषधं, आजारी माणसं पोचवायला बर्फावरच्या स्कूटर चालवतं. आणि त्या स्कूटर दुरुस्तीला दर उन्हाळ्यात रेल्वेनं नाशकात पाठवतं. बर्फ तिकडं, मेकॅनिक इकडं. का, म्हणून विचारू नका. गोटीरामनं अकरा वर्षांपूर्वी विचारलं होतं. साहेब म्हणाले, वर्कशॉप इथं आहे म्हणून.

स्कूटर म्हणजे पुढं दोन घसरपाट, मागं चाकांच्या जागी एक रुंद रबरी पट्टा. तो पट्टा आतल्या दोन लोखंडी रुळांभोवती फिरतो, आणि रुळांच्या खाली बसवलेल्या असतात प्लॅस्टिकच्या दोन लांब पट्ट्या. स्लायडर. सगळ्या यंत्राचा भार त्या दोन बोटं रुंद प्लॅस्टिकवर. त्यांना तेल चालत नाही, ग्रीस चालत नाही. उडालेला बर्फ आत शिरतो, तेच त्यांचं तेल आणि तेच त्यांचं पाणी. बर्फ मिळाला नाही की स्लायडर तापतो, मऊ पडतो, मेणासारखा जातो. तो गेला की पट्ट्याच्या लोखंडी पकडी सरळ रुळाला भिडतात, आणि स्कूटर जिथं असेल तिथं मरते.

हे गोटीरामला कुणी शिकवलं नाही. झिजून आलेले स्लायडर हातात घेऊन घेऊन तो शिकला. पुढच्या वाकणाशी जास्त झिजला तर पट्टा ताणून बसवलाय. एकच बाजू झिजली तर पट्टा तिरका धावतोय. आणि वर, गावांजवळ, उघड्या बर्फाचा काचेसारखा थर असतो, त्यातून भुगा उडत नाही, तिथं स्लायडर सगळ्यात लवकर जळतो. त्यावर त्यानं भंगारातल्या स्प्रिंगच्या पात्याच्या दोन खरवडण्या बनवल्या. रुळाला लावायच्या, मागं ओढत जाणाऱ्या. कडक बर्फ खरवडून त्या भुगा आत फेकतात. साधी वस्तू. कोंबडीच्या पायासारखी.

राहिला फॉर्म. वर्कशॉपात सगळ्या वाहनांना एकच छापील फॉर्म. जीप असो, डंपर असो, की बर्फावरची स्कूटर. सातवा रकाना, रोड टेस्ट, एक किलोमीटर. ज्यानं फॉर्म छापला त्याच्या डोक्यात जीप होती. तो मेल्यावरही ती फॉर्ममधून कुणी काढली नाही.

म्हणून गोटीराम अकरा वर्षं खोटं लिहीत होता. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, गोणपाटात घालून मोगरीनं फोडायची, स्कूटर मागून स्टँडवर उचलायची, चुरा आणि पाणी पट्ट्यावर सोडत चालवायची. मग सातव्या रकान्यात लिहायचं, रोड टेस्ट एक किलोमीटर, ठीक.

सगळं वर्कशॉप हसायचं. "गोटीराम, काला खट्टा टाक रे वरून!" "मला एक गोळा दे, काडीवरचा!" तोही हसायचा. बर्फ म्हणजे त्यानं आयुष्यात पाहिला तो एवढाच.

आणि वरून फोन यायचा. अंगरूपचा. लाहौलकडचा ड्रायव्हर, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. "गोटी भाई, तुम्हारा स्लायडर दो सीज़न चला. दूसरे का एक महीना नहीं चलता." मग फोटो पाठवायचा. भुरके डोंगर, भुरका दगड, आणि स्कूटरवर बसलेला गोल तोंडाचा हसरा माणूस. "कभी आओ, असली बरफ़ दिखाता हूँ." गोटीराम म्हणायचा, "आऊंगा, रिटायर होके आऊंगा."

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांना गोणपाटातला बर्फ दिसला, मग फॉर्म दिसला, आणि मग गोटीराम दिसला.

"म्हणजे रोड टेस्ट होतच नाही?"

"साहेब, रोडवर ती चालत नाय. जळते."

"फॉर्मवर काय लिहिलंय?"

"फॉर्मला काय कळतं साहेब?"

बाकीचे हसले. तेच महागात पडलं. साहेबांनी खरवडण्या काढायला लावल्या. मंजूर यादीत नाहीत. आणि दुपारी दोन वाजता, डांबर पायाला चिकटत होतं अशा वेळी, मोबाईल समोर धरून म्हणाले, "चालवा. एक किलोमीटर. मी व्हिडिओ घेतोय."

गोटीरामनं चालवली. हे त्यानं कधी नाकारलं नाही. कॅम्पकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गेटपासून वडापर्यंत आणि परत. अर्ध्या वाटेतच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. वडाखालची पोरं टाळ्या वाजवत होती. त्याला उतरता आलं असतं. तो उतरला नाही.

परत येऊन तो स्टोअरच्या खिडकीवर गेला. स्टोअरकीपर ढुंढिराज, पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातले, नियमाचे पक्के.

"काका, स्लायडरचा एक जोड द्या. हा गेला."

"अरे, आज सकाळीच तर नवा दिला तुला. जुना जमा केल्याशिवाय नवा नाही, आणि हा तर नवाच आहे कागदावर."

"काका, बघा तरी."

"मी बघून काय करू गोटीराम? मला कागद बघावा लागतो."

स्कूटर तशीच पेटीत गेली. गोटीरामनं अंगरूपला फोन करून सांगितलं. तो हसला. "कोई बात नहीं भाई. बरफ़ अच्छी गिरे तो चल जाएगा."

त्या हिवाळ्यात बर्फ चांगला पडलाच नाही. होता तो नुसता काचेसारखा कडक. जानेवारीत अंगरूपनं एका अडलेल्या बाईला खालच्या दवाखान्यात पोचवलं आणि एकटा परत निघाला. खिंडीत स्कूटर बसली. तो चालत निघाला. तिसऱ्या दिवशी सापडला.

बाळंतीण वाचली. मुलगी झाली.

वरून अहवाल आला, ‘स्लायडरच्या सदोष फिटिंगमुळे यंत्र निकामी.’ फिटरचं नाव, गोटीराम भोये. पुरावा म्हणून मोडके भाग सीलबंद पेटीत परत आले.

काल दुपारी ढुंढिराजांनी त्याला खिडकीऐवजी दारातून आत बोलावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. पेटी उघडी होती.

"नोंदीसाठी उघडावी लागते," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तू ‘बघा तरी’ म्हणाला होतास त्या दिवशी. आज बघितलं."

दुधी रंगाचा स्लायडर मधोमध पार खाल्लेला. पण पुढच्या वाकणाशी थोडा शाबूत होता, आणि तिथं प्लॅस्टिक वितळून पुन्हा घट्ट झालेलं. त्यात काहीतरी रुतलं होतं. गोटीरामनं नखानं खरवडलं, नाकाशी नेलं. डांबर. आणि डांबरात ज्वारीच्या कणीएवढी काळी खडी. ती त्यानं लगेच ओळखली. असल्या खडीनं त्याची पहिली तीन वर्षं खाल्ली होती.

"हे माझ्या स्टोअरमधून बाहेर जाऊ शकत नाही," ढुंढिराज म्हणाले. चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ. "मी चष्मा पुसतोय. मला दिसत नाहीये."

आज अकरा वाजता चौकशी सुरू झाली. टेबलामागं दोन खुर्च्या. एकीवर मुख्य कार्यालयातून आलेले पाहुणे साहेब, दुसरीवर आपलेच नवे साहेब. ज्यानं चालवायला लावली तोच चौकशीला. कोपऱ्यात श्यामला मॅडम लिहून घ्यायला. गोटीरामला खुर्ची नव्हती.

"बसा... असू द्या, उभे राहा, दोन मिनिटांचं काम आहे," नवे साहेब म्हणाले. "भोये, आम्ही तुमच्या वयाचा विचार केलाय. मॅडम, तो कागद द्या."

श्यामला मॅडमनी कागद पुढं केला. गोटीरामनं तो घेऊन टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर मीनाच्या अक्षरातला स्वतःचा कागद ठेवला. पाहुण्या साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि मान वर केली.

"ही काय भाषा आहे?"

"मराठी हाय साहेब."

"तुम्ही एका अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप करताय."

"पुढं वाचा. माझ्यावर बी केलाय."

पुढं लिहिलं होतं, स्कूटर मी चालवली. वास आला तरी उतरलो नाही. नोकरीला भ्यालो. ही चूक माझी, त्याची शिक्षा द्या. पण ही नजरचूक नव्हती. सगळ्यांच्या नजरेसमोर झालं. व्हिडिओ आहे.

"व्हिडिओ डिलीट झालाय," नवे साहेब घाईनं म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तो होता हे त्यांनीच कबूल केलं. श्यामला मॅडमचं पेन कागदावर क्षणभर अडलं. मग त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं.

गोटीरामनं पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि स्लायडर टेबलावर ठेवला. ‘नजरचूक’ लिहिलेल्या कागदावरच.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"हे सोडा. ह्याच्यात काय हाय ते बघा."

पाहुण्या साहेबांनी बघितलं. बोट लावलं, पुसलं. "डांबर दिसतंय. वरच्या रस्त्यावरचं असेल."

"वरती दगड भुरका हाय साहेब. फोटो हायेत माझ्याकडं, दरसालचे. हा आपला काळा दगड. मी फोडलाय. नाशकाचा रस्ता त्या माणसाच्या बुडाखाली बांधून तुम्ही त्याला खिंडीत पाठवला."

"आवाज खाली," नवे साहेब म्हणाले. "फॉर्ममध्ये रोड टेस्ट आहे. मी फॉर्मप्रमाणे गेलो. माझी काय चूक?"

"हेच इचारायला आलोय."

वर पंखा फिरत होता. खालचा कागद उडू नये एवढंच वजन त्या खाल्लेल्या पट्टीला उरलं होतं.

"ठीक आहे," पाहुणे साहेब शेवटी म्हणाले. "तुमचा जबाब घेतलाय. निर्णय कळवू. तुम्ही जाऊ शकता."

गोटीराम गेला नाही. एकेक घर वर लागलेली बटणं, पायांत रबरी चपला, हात मागं. खात्यानं सांगितलं तिथं तो तीस वर्षं असाच उभा राहिला होता.

"साहेब, मी अनाडी माणूस. बर्फ मी बघितला नाय, बघणार बी नाय आता. ज्यानं दाखवतो म्हणलं तो गेला. तुम्ही शिकलेले. एवढंच सांगा. एप्रिल महिना, दुपारचे दोन. गेटपासून वडापर्यंत. कुठं पडला होता बर्फ?"

श्यामला मॅडमनी प्रश्न लिहून घेतला आणि खाली उत्तरासाठी ओळ मोकळी सोडली.

"सांगा साहेब. मॅडम थांबल्यात."