ड्रेसरची जागा

अनुसयाने पिशवीतून लाल ठिपक्यांचा फ्रॉक काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर पसरला. बाह्यांची झालर बोटांनी सारखी केली.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारले.

"ड्रेस हाय, साहेब. म्याच शिवला. झबलं, चड्डी, शाळेचा ड्रेस, सगळं जमते."

दाराशी उभा असलेला कंपाउंडर भोजराज खाली मान घालून हसला. खाणीच्या दवाखान्यात ड्रेसरची जागा निघाल्याचे त्यानेच तिला सांगितले होते. ती काय समजली, हे त्याला आत्ता कळत होते.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फ्रॉक उलटा करून आतली शिवण पाहिली.

"इथं जखमा बांधायच्या असतात, बाई. त्यालाही ड्रेस करणंच म्हणतात. रक्त पाहून घाबरता का?"

"नाही," अनुसया म्हणाली. तिचा नवरा चैतराम याच मँगनीजच्या खाणीत होता. त्याला जाऊन नऊ महिने झाले होते.

"हात चांगला आहे. शिकाल. सोमवारपासून या."

बाहेर आल्यावर भोजराज म्हणाला, "इंग्रजीचं असंच हाय, वहिनी. कपडा तो ड्रेस, पट्टी बांधली ते ड्रेसिंग. तिकडं बाया मँगनीज धुऊन निवडतात, साहेब लोक त्याले बी ड्रेसिंगच म्हणतात. अन् आपले डॉक्टर कोणाले झाडतात ना, ते बी ड्रेसिंग!"

"एका शब्दात येवढं?" अनुसयाला हसू आले. किती दिवसांनी आले, ते तिचे तिलाच आठवेना.

पहिल्या आठवड्यात ती कापूस उकळायला शिकली, कात्री धरायला शिकली. कात्री तिच्या हातातलीच होती. पट्टीही सुरेख बसायची. फक्त ती फार आवळून बांधायची.

"सैल करा," डॉक्टर एकदा एका मजुराच्या पायाशी वाकून म्हणाले. "बोट आत गेलं पाहिजे. जखम धुतली नाही, वरून अशी आवळली, की आत सडतं. बोटं काळी पडतात. मग पाय जातो, कधी माणूसही."

अनुसयाने पट्टी सोडली.

"किती दिवसांत, साहेब?"

"दोन-तीन दिवस. का?"

"असंच."

तिने पट्टी पुन्हा गुंडाळली. टोक जुळेना. पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. चैतरामच्या टाचेत दगड घुसला तेव्हा तिने शिलाई मशीनखालच्या चिंध्यांतून नव्या अस्तराची पट्टी फाडली होती, हळद भरून गच्च बांधली होती. "तुह्या हातची गाठ सुटत नाही," तो कौतुकाने म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी बोटे काळी पडली होती.

त्या दिवशी ती घरी गेली आणि तिने मशीनवर चादर टाकली. कोणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली.

पावसाळा सरता सरता बैहरकडच्या एका गावातून मैनाबाई नावाची बाई नवऱ्याला बैलगाडीतून घेऊन आली. त्याच्या पायाला लुगड्याच्या पदराची पट्टी होती. अनुसयाने ती कापली. आत बोटे काळी पडली होती.

"कोणी बांधलं हे?" डॉक्टर ओरडले.

"म्या," मैनाबाई म्हणाली.

"आवळून जीव घेतला असतास त्याचा! अक्कल आहे का?"

मैनाबाई भिंतीला टेकत बाहेर सरकली. त्याला आत घेतले. पाय घोट्यावरून काढावा लागणार होता. ते सांगायला डॉक्टरांनी अनुसयालाच बाहेर पाठवले.

तिने सांगितले. मैनाबाई रडली नाही. फाटलेला पदर दोन्ही हातांनी पिळत राहिली.

"बाई, माह्यानं झालं का हे?"

अनुसया तिच्याशेजारी पायरीवर बसली. हाताला औषधाचा वास येत होता. हात तिने लुगड्याला पुसला.

"नाही वो. तुमी बांधलं म्हणून रक्त थांबलं. नाही तर तो इथपर्यंत आलाच नसता."

"पण साहेब म्हणाले..."

"साहेबाले काय ठाऊक? ते कुठं होते तवा?"

"खरं सांगता?"

"हौ."

तेव्हा कुठे मैनाबाईला रडू फुटले. ती अनुसयाच्या खांद्यावर कोसळली, आणि अनुसयाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

आतून डॉक्टरांनी हाक मारली. अनुसया लगेच उठली नाही.